कवळीच्या मसाल्याची विमानं

ताश्कंद, १२ एप्रिल १९९८

त्रोफिम अलेक्सेयेविच,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही ते उघडायच्या आधी दोनदा उलटसुलट करून बघितलं असेल. बरोबरच आहे. चार वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहिते आहे तीही काम पडलं म्हणून. तब्येत बरी आहे. दवाखान्यात अजून जाते. लोकांचे दात पडायचे थांबत नाहीत, म्हणून माझ्या कवळ्याही थांबत नाहीत.

काम असं आहे. येत्या ऑक्टोबरात इल्गीझला जाऊन वर्ष होईल. छोटी विमानं करणाऱ्या तुमच्या जुन्या छंदमंडळाने ठरवलंय की विमान कारखान्याच्या संस्कृती भवनात त्याच्या छोट्या विमानांचं एक कपाट कायमचं मांडायचं. अध्यक्ष शोअझीम आका स्वतः घरी आले होते. म्हणाले, "मुनावरा आपा, नुसती रंगवलेली विमानं नकोत. ज्या लाकडी नमुन्यांवरून तुम्ही ती कवळीच्या मसाल्यात ओतलीत, ते नमुनेही हवेत. तुमच्या नवऱ्याच्या हातात काय होतं ते लोकांना दिसू दे."

म्हणून मी त्याच्या खोलीतलं कपाट उघडलं. ब्याण्णवपर्यंतचे सगळे नमुने जागच्या जागी आहेत, नासपतीच्या लाकडाचे, एकेक फडक्यात गुंडाळलेला. पण शेवटचे पाच, म्हणजे ली-दोन, ईल-चौदा आणि अँटोनोवची तीन, ज्या बुटांच्या खोक्यात असायचे ते खोकं रिकामं आहे. झाकण काढायचीही गरज पडली नाही, उचलल्यावर हातालाच कळलं.

तो गेल्यानंतर चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला तुम्ही समाराहून दोन दिवसांचा प्रवास करून आलात, हे मी विसरलेले नाही. मुल्ला उठायच्या आत तुम्ही म्हणालात, "आपा, मी जरा त्याच्या खोलीत बसू?" आणि दार लोटून घेतलंत. मी बायकांबरोबर स्वयंपाकघरात होते. पण त्या कपाटाचं दार करकरतं, आणि माझे कान अजून शाबूत आहेत.

मी काही म्हणत नाही. फक्त विचारते. तुम्हाला काही माहीत आहे का?

मुनावरा इस्खाकोवा

ताश्कंद, ९ मे १९९८

त्रोफिम अलेक्सेयेविच,

तुमचं दीड पानाचं पत्र मिळालं. चार वेळा वाचलं. त्यातलं एक पान माझ्या गुडघ्यांवर खर्च झालंय. "गुडघे कसे आहेत, थंडीत जपा." एप्रिलात ताश्कंदला कसली आलीय थंडी? उरलेल्या अर्ध्या पानात तुम्ही लिहिता, "नमुन्यांची काळजी करू नका आपा, लाकूड कुठे जात नाही."

मी तीस वर्षं लोकांच्या तोंडात बघत आले. माणूस दुखरा दात सोडून बाकीचे सगळे आधी दाखवतो. "मी घेतले नाहीत" हे तीन शब्द मी तुमच्या पत्रात शोधले. नाहीत.

तुम्ही ताश्कंद सोडून निघालात तेव्हा निरोपाच्या जेवणात मी सगळ्यांदेखत तुमची पिशवी उघडायला लावली होती, ते तुमच्या मनात असणार. दाताचा ठसा घ्यायच्या रबराचा माझा डबा नाहीसा झाला होता, आणि आमच्या घरात येणारे-जाणारे तुम्हीच. पिशवीत डबा निघाला नाही. तरी माझं मन साफ झालं नाही, हे तेव्हाही सांगितलं होतं, आताही सांगते.

आणखी एक. मॉस्कोच्या रेल्वेगाडीत डब्याची देखरेख करणारी क्लावा नावाची बाई तुमच्या माहितीतली आहे का? ती गाडी समाराहून येते. इल्गीझ दर तीन-चार महिन्यांनी "जरा बाजारात जाऊन येतो" म्हणून निघायचा आणि पिशवीत कांद्याची पातसुद्धा न घेता परतायचा. पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात मी त्याच्या मागे गेले. हो, गेले. फलाटावर खरबुजांच्या ढिगाआड उभी राहिले. इल्गीझने "क्लावा!" अशी हाक मारली आणि ती उतरली. जाडजूड, पुढचे दोन दात सोन्याचे, काम चांगलं होतं. तिने त्याच्या हातात वर्तमानपत्रात बांधलेलं एक पुडकं दिलं, आणि तो असा हसला, की तसं हसताना मी त्याला किती वर्षांत बघितलं नव्हतं. मी त्याच्या आधी घरी पोचले, कणीक मळायला घेतली आणि काही विचारलं नाही. अजूनपर्यंत कोणालाच विचारलं नाही.

तुम्ही त्याचे जिवाभावाचे. तुम्हाला ठाऊक असणारच. दोघांनी मिळून मला बनवत होतात?

मुनावरा इस्खाकोवा

ताश्कंद, ३१ मे १९९८

त्यान,

आता गुडघ्यांची चौकशी पुरे.

गेल्या रविवारी मी मंडळात गेले. तेच तळघर, तोच लाखेचा आणि लाकडाच्या भुशाचा वास. रोदिओन मॉस्कोला जाऊन आलाय. तिथल्या छंदवाल्यांच्या बाजारातून त्याने एक खोकं आणलं, आणि सगळे टेबलाभोवती जमले. आत ओतलेलं विमान होतं, सुट्या भागांत. ईल-चौदा. आमच्या कवळीच्या मसाल्यासारखं गुलाबी नव्हे, सायीच्या रंगाचं. मसाला चांगला, बुडबुडे जवळजवळ नाहीत.

रोदिओनने धडाचा अर्धा भाग दिव्यापुढे धरला आणि हसायला लागला. "अरे, हे बघा! मागचं दार दोन मिलिमीटर पुढे! हे तर आपल्या इल्गीझचं दार!"

त्या दारावरून मंडळाने इल्गीझला किती छळलं होतं, आठवतं? "इल्गीझच्या विमानात बसायचं तर पुढच्या स्टेशनला चढावं लागतं!" जगात ती चूक दुसऱ्या कोणाची असणं शक्य नाही. सगळे हसले, आणि मग माझ्याकडे बघून टेबलापासून मागे सरले.

मी विचारलं, "कोणी ओतलंय हे?"

शोअझीम आकांनी खोक्याचं झाकण लावलं. "आपा, आधी चहा घ्या."

"चहा नको. झाकणावर नाव आहे ना? वाचा."

"घाई करू नका, आपा. माणसं एकमेकांना..."

"वाचा म्हणते ना!"

रोदिओनने वाचलं. "त. त्यान, समारा."

शोअझीम आका खाली बघत राहिले. ते माझ्या नजरेला नजर का देत नव्हते, हाही एक प्रश्नच आहे. तुमची त्यांची पत्रापत्री आहे का?

शहाण्णवच्या प्रदर्शनात याच ईल-चौदाला पदक मिळालं तेव्हा इल्गीझ घरी येऊन कोपऱ्यात बसून राहिला होता, जेवलासुद्धा नाही. मला वाटलं, आनंदाने घास उतरत नसेल. मेलेल्या माणसाच्या खोलीत शिरून त्याचं काम उचलायचं आणि स्वतःच्या नावाने बाजारात मांडायचं? आमच्या ताटात जेवलात तुम्ही. गाजराचं लोणचं घेऊन यायचात आणि मी तो डबा कधी रिकामा परत दिला नाही.

मी कुठेही तक्रार केलेली नाही. पाचही नमुने पाठवून द्या, विषय संपला.

मु. इस्खाकोवा

ताश्कंद, २७ जून १९९८

त्रोफिम अलेक्सेयेविच,

मागच्या पत्रात मी लिहिलं की तक्रार केलेली नाही. ते खोटं होतं. तुम्हाला लिहायच्या आधी, त्याच सकाळी, तुमच्या समाराच्या मंडळाला तीन पानं लिहून झाली होती.

काल त्यांच्या अध्यक्षांचं, ब्लोखिन यांचं उत्तर आलं. टंकलेखन केलेलं, शिक्का मारलेलं. सभेत काय झालं ते त्यांनी प्रश्नोत्तरांसकट लिहिलंय. "हे नमुने तुम्ही इस्खाकोवांच्या घरातून त्यांना न विचारता आणलेत का?" "हो." "त्यांवरून विमानं ओतून स्वतःच्या नावाने विकलीत का?" "हो." "तुम्हाला आणखी काही सांगायचं आहे?" "नाही."

तुमचं नाव मंडळातून काढलंय. रविवारी तुम्ही लोकांना कोरकाम शिकवायचात तो वर्गही काढून घेतलाय. नमुने तुमच्याकडून घेऊन मला पाठवलेत, असंही लिहिलंय.

म्हणजे मी बरोबर होते. सगळं बरोबर होतं. कपाटाची करकर, दोन मिलिमीटरचं दार. शेजारच्या सालिमाला पत्र वाचून दाखवलं, ती म्हणाली, "बघ, तू म्हणत होतीस." मी स्वतःसाठी चांगला चहा केला, साखरेचे दोन खडे घेतले. आणि पियाला तसाच राहिला.

मला तुमचं ते "नाही" आवडलेलं नाही. पकडला गेलेला माणूस बडबड करतो. बायको आजारी होती म्हणतो, इल्गीझनेच दिले म्हणतो, निदान माझ्या तोंडाळपणाबद्दल तरी चार शब्द बोलतो. तुम्ही सगळ्या मंडळापुढे उभे राहून नुसतं "नाही" म्हणालात. आता कोणाला पाठीशी घालताय?

मुनावरा

ताश्कंद, १८ जुलै १९९८

त्रोफिम,

खोकं मंगळवारी आलं. मी लगेच उघडलं नाही. आधी दवाखान्यात जाऊन तीन कवळ्या संपवल्या, परत आले, खिडकीशी टेबल ओढलं, आणि मग सुतळी कापली.

पाच नमुने मोजून घेतले. प्रत्येक धडाचे दोन अर्धे, आतून पोखरलेले, अंड्याच्या कवचासारखे पातळ. बाहेरून लाख देऊन घासलेले, आरशासारखे. बाहेरची बाजू मला पाठ आहे. पाचही धडांभोवती रबर मीच ओतलं होतं, साचा मीच उघडला होता, बुडबुडे दाबायला कुकरात मीच ठेवलं होतं. पण मी साचा घ्यायची तो बाहेरून. आतल्या पोकळीत मातीची गोळी भरून मगच इल्गीझ तो माझ्या हातात द्यायचा. "आत काय बघायचंय? लाकूडच आहे," म्हणायचा. या वेळी माती नव्हती. मी आत बघितलं.

आतली बाजू कोणी घासत नाही. तिथे प्रत्येक छिन्नीचा घाव जसाच्या तसा राहतो, माशाच्या खवल्यांसारखा. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही चौघीजणी. मेणाचा दात समोर ठेवा, मी सांगते कोणी कोरला, कारण हत्यार कुठल्या बाजूने शिरलं ते लपत नाही. मी ईल-चौदा उजेडात धरला. खवले उलटे पडलेले. मी कपाटातून ब्याण्णवच्या आधीचा एक नमुना काढून शेजारी ठेवला. त्यातले खवले डावीकडे उतरत होते, याच्यातले उजवीकडे. मग बाकीचे चार बघितले. पाचही तसेच.

तुम्ही डावखुरे. आमच्या टेबलाशी जेवायला बसलात की तुमचं डावं कोपर इल्गीझच्या उजव्या कोपराला लागायचं. तो म्हणायचा, "याला टोकाला बसवा, नाहीतर माझा रस्सा अंगावर सांडेल."

मी तिथेच थांबले असते तर म्हणाले असते, चला, त्याने एखाद्या वेळी मदत घेतली असेल. पण खोक्याच्या तळाशी एक सहावं पुडकं होतं. माझ्या यादीत नसलेलं. ब्लोखिनने तुमच्या टेबलावरचं सगळंच गोळा करून पाठवलं असणार. त्यात शेपटीचा अर्धा कोरलेला तुकडा निघाला. दोन बोटं लांबीपर्यंत इल्गीझचा हात, स्वच्छ, ओळखू येणारा. त्यापुढे सुरी घसरलीय. पुन्हा घसरलीय. पुन्हा. शेवटी एक घाव आरपार गेलाय आणि लाकडाला तपकिरी डाग आहे.

ब्याण्णवच्या मार्चात तो अंगठ्याला पट्टी बांधून घरी आला होता. "कारखान्यात कापलं," म्हणाला. पट्टी मी बदलायची. बारा दिवस.

या डागाची गोष्ट मला सांगा. या वेळी गुडघ्यांबद्दल विचारलंत तर पत्र न वाचता चुलीत टाकीन.

मुनावरा

ताश्कंद, १६ ऑगस्ट १९९८

त्रोफिम,

तुमचं लांब पत्र आलं. इतकी वर्षं तुम्ही जपून ठेवलेलं सगळं एका दमात लिहून टाकलंत. अक्षर शेवटी शेवटी तिरपं झालंय.

मी तुमचीच वाक्यं पुन्हा लिहिते आहे, म्हणजे मला खरं वाटेल. तळघरात तुम्ही दोघंच होतात. त्याने तो तुकडा तुमच्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "माझा हात संपला, त्रोफिम. डॉक्टरकडे जाऊन आलोय. आता हे वाढतच जाणार."

तुम्ही विचारलंत, "आपाला सांगितलंस?"

"तिला सांगितलं तर ती मला भरवायला बसेल. तू ओळखतोस तिला, सगळं सोडून तेवढंच करील. मला तिच्या हातून घास नकोय. संध्याकाळी आम्ही दोघं त्या टेबलाशी बसतो, मी लाकूड देतो, ती साचा करते. विमान बाहेर आलं की गुलाबी डुकराच्या पिल्लासारखं दिसतं आणि ती हसते. आम्हाला मूल नाही, त्रोफिम. आमचं तेवढंच आहे. ते बंद पडू देऊ नकोस."

आणि तुम्ही बंद पडू दिलं नाहीत. समाराला गेल्यावरही क्लावाच्या हातून पुडकी पाठवत राहिलात. तो त्या फलाटावर ज्याला बघून हसायचा ते लाकूड होतं, आणि मी खरबुजाआड उभी राहून एका परक्या बाईचे दात मोजत होते.

पदकाचंही कळलं. शोअझीम आकांनी त्याला न विचारता ते विमान प्रदर्शनात ठेवलं. त्याला ते नको होतं. म्हणून जेवला नाही. "मी गेल्यावर नमुने घेऊन जा, आणि तुझ्या नावाने काढ," असं त्याने तुमच्याकडून कबूल करून घेतलं, आणि वर हेही, की मुनावराला आतली बाजू दिसता कामा नये. म्हणून तुम्ही दार लोटून घेतलंत.

आता माझं ऐका. तुम्ही सगळं लिहिलंत, तर मलाही लिहायला हवं.

रबराचा डबा दवाखान्यातच होता. तुम्ही गेल्यानंतर आठवड्याने वाफेच्या यंत्रामागे सापडला. मी कोणाला सांगितलं नाही. इल्गीझलाही नाही.

दुसरं जास्त अवघड आहे. त्याच्या हाताचं मला ठाऊक होतं. मेजवानीत त्याच्या पियाल्यातला चहा बशीत हिंदकळायचा. आपल्याकडे मानाच्या पाहुण्याचा पियाला अर्धाच भरायची रीत आहे, म्हणून मी रोज घरातसुद्धा त्याला अर्धाच भरून द्यायला लागले. कोणाच्या लक्षात आलं नाही. तो एकदा म्हणाला, "काय गं, मी पाहुणा झालो की काय?" मी म्हटलं, "मान देते आहे, घे गुपचूप." त्याच्या सदऱ्याची बटणं काढून मी हूक लावले, म्हटलं आता हीच पद्धत आहे. हात चहाला थरथरतो, सुरी धरली की थांबत असेल, असं मी स्वतःला पाच वर्षं सांगत आले. जगात सगळ्यांवर संशय घेतला मी. पोस्टमनवर, सालिमावर, क्लावावर, तुमच्यावर. जिथे घ्यायला हवा होता तिथे तेवढा घेतला नाही, कारण मलाही ते टेबल बंद पडायला नको होतं.

त्रोफिम, तुम्ही आणि मी चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हतो, आणि त्याच चार वर्षांत आपण दोघांनी मिळून तीन विमानं केली. तुम्ही कोरलंत, मी ओतलं. तो मध्ये बसून दोघांना खेळवत होता आणि खूश होता.

मी आज ब्लोखिनना लिहिलंय. सगळं. या वेळी खरं तेच लिहिलंय.

मुनावरा

ताश्कंद, २० सप्टेंबर १९९८

त्रोफिम,

आधी मंडळाची हकिगत. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी मी पाचही नमुने घेऊन तळघरात गेले आणि टेबलावर उताणे मांडले, पोकळी वर. म्हटलं, "या, बघा, आणि मला सांगा हा कोणाचा हात आहे."

रोदिओन वाकला. बराच वेळ बघत राहिला. मग सरळ होऊन टोपी काढली. शोअझीम आका जागचे हललेच नाहीत.

मी म्हटलं, "तुम्ही बघत नाही, आका?"

"मी बघितलेत, आपा. ब्याण्णवपासून. त्रोफिम इथेच तर बसायचा."

"आणि मला समाराला पत्र लिहू दिलंत?"

"तुम्ही लिहिणार हे मला काय माहीत? तुम्ही तर इथून निघताना म्हणालात, तक्रार करणार नाही." मग त्यांचा आवाज उतरला. "वाटलं होतं, राग आपोआप निवेल. माझं चुकलं. मी त्या दिवशीच बोलायला हवं होतं."

मी त्यांना बरंच काही बोलले. ते इथे लिहीत नाही. त्यांनी ऐकून घेतलं.

मग कपाटात विमानांपुढे ठेवायच्या नावांच्या कार्डांचा विषय निघाला. एकजण म्हणाला, "जाऊ द्या ना, इल्गीझचंच नाव राहू दे, गेलेल्या माणसाला कशाला..." मी म्हटलं, गेलेला माणूस माझा आहे, तुमचा नव्हे. शेवटी असं ठरलं. जुन्या विमानांवर इल्गीझचं एकट्याचं नाव. शेवटच्या पाचांवर तीन ओळी. मापं आणि आराखडे, इल्गीझ इस्खाकोव. कोरकाम, त्रोफिम त्यान. ओतकाम, मुनावरा इस्खाकोवा. कार्ड छापून आलं तेव्हा मी ते हातात धरून उभी राहिले. कवळीवर कोणी सही करत नाही, त्रोफिम. तीस वर्षांत माझं नाव कशावर आलेलं नव्हतं. जुन्या विमानांतलीही बरीच मीच ओतलीत, पण ते भांडण मी माझ्या नवऱ्याशी वर गेल्यावर करीन.

आता तुमचं. ब्लोखिनचं उत्तर आलं. लिहितात, पत्राबद्दल आभार, परंतु सभासदाने स्वतःच्या तोंडाने कबुली दिलेली असल्यामुळे तो स्वतः सभेपुढे येऊन ती मागे घेत नाही तोवर मंडळाला काही करता येत नाही. आणि त्याच टपालाने तुमचं पत्र. "राहू द्या आपा. मी इल्गीझला शब्द दिला होता. तिथल्या कार्डावर नाव आलं असं शोअझीम आकांनी फोनवर सांगितलं, मला तेवढं पुष्कळ झालं. इथे मी घरीच कोरत बसतो, बरं चाललंय."

बरं चाललंय, यावर माझा विश्वास नाही. तुम्ही रागावलेला नाहीत, यावरही नाही. माणूस इतका चांगला असेल तर त्याच्या मनात काहीतरी असतंच.

आणि शब्द तुम्ही दिला होता, मी दिलेला नाही. मी तिकीट काढलंय. चार ऑक्टोबरला, रविवारी सकाळी समाराला पोचते. तुमच्या मंडळाची सभा त्याच दिवशी दुपारी आहे, ब्लोखिनना तसं कळवलंय. पाचही नमुने आणि तो सहावा तुकडा माझ्या मांडीवर असेल, सामानात देणार नाही, गाडीत कोणाचा भरवसा नाही. स्टेशनवर न्यायला या. परक्या गावात रस्ता विचारायला मला आवडत नाही, लोक मुद्दाम चुकीचा सांगतात.

सभेत मागच्या बाकावर बसा आणि गप्प राहा. ते तुम्हाला चांगलं जमतं. मला जमत नाही, म्हणून उभी मी राहणार आहे.

मुनावरा